वाचकांचे प्रश्न : एका अंगाने खचलेली माशांची टाकी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नेरुळला आमचे तळमजला अधिक एक असे जुने रो-हाऊस आहे. खालच्या दिवाणखान्यात चार वर्षांपासून सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी १२ मिलिमीटर काचेची टाकी आहे. तीत दोन ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलर जातीचे मासे आहेत. टाकी सहा पायांच्या, दीड इंची चौकोनी पाइपच्या लोखंडी स्टँडवर, मध्ये प्लाय आणि थर्माकोल घालून ठेवली आहे. बसवली तेव्हा काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत ४० मिलिमीटर होते आणि तशी खूण मी काचेवर करून ठेवली होती. यंदाचा पावसाळा सरल्यावर पाण्याची रेघ खुणेशी जुळेना, म्हणून पट्टी लावून पाहिले. डावा पुढचा कोपरा ३४, डावा मागचा ३५, उजवा पुढचा ४८ आणि उजवा मागचा ४६ मिलिमीटर भरला. डाव्या बाजूला भिंतीची स्कर्टिंग आणि लादी यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फटही पडली आहे. शेजारच्या एका गृहस्थांच्या मते गाडीचा जॅक लावून डावी बाजू उचलावी आणि पायांखाली लाकडी पाचरा ठोकाव्यात, की तासाभरात काम फत्ते. सौ.चे म्हणणे, टाकीच काढून टाकावी. पाणी न काढता टाकी समतल करता येईल का? आणि एवढ्या फरकाने काच फुटण्याची भीती कितपत आहे?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : पाणी न काढता ही टाकी समतल करू नये आणि जॅकचे तर नावही काढू नये. मात्र टाकी काढून टाकण्याची वेळ अजून आलेली नाही, हे सौ. वहिनींना आमच्या वतीने सांगावे.

हे उत्तर वाचून होताच एक काम करावे. हीटर आणि फिल्टर बंद करून टाकीतील पाणी निम्म्यावर आणावे. यात दुहेरी लाभ आहे. एक तर सुमारे ३०० किलो वजन तत्काळ कमी होते. दुसरे असे, की काचेवर पडणारा एकूण जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे उंची निम्मी झाली की तो जोर एक चतुर्थांशावर येतो. एवढे झाले की पुढचा विचार शांतपणे करायला तुम्हाला महिना-दीड महिना मिळतो. फिल्टरची खेचनळी पाण्यात बुडालेली राहील अशी खाली घेऊन तो पुन्हा चालू करावा, हवेचा दगड (पाण्यात बुडबुडे सोडणारा) चालू ठेवावा आणि खाणे थोडे कमी करावे. ऑस्कर कुरकुर करतील. त्यांचा तो स्वभावच आहे.

आता तुमच्या मापांकडे वळू. तुम्ही चारही कोपरे मोजलेत, हे फार बरे केलेत, कारण बहुतेक लोक केवळ पुढची काच पाहतात. टाकीतील पाण्याइतकी अचूक पाणसळ दुसरी नाही. फक्त मोजताना फिल्टर दहा मिनिटे बंद असावा आणि पाणी काचेला लागून जे किंचित वर चढते, ते चारही ठिकाणी सारखेच धरावे किंवा सारखेच सोडावे. तुमच्या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे कल : डावे टोक उजव्यापेक्षा ११ ते १४ मिलिमीटर खाली आहे. दुसरी म्हणजे पीळ. तो शोधण्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करावी. डावा पुढचा आणि उजवा मागचा मिळून ३४ अधिक ४६, म्हणजे ८० होतात. उजवा पुढचा आणि डावा मागचा मिळून ४८ अधिक ३५, म्हणजे ८३ होतात. टाकी नुसती कललेली असती, तर या दोन्ही बेरजा सारख्या आल्या असत्या. त्यांत ३ मिलिमीटरचा फरक आहे, याचा अर्थ चारही कोपरे आता एका पातळीत राहिलेले नाहीत आणि टाकी तेवढी पिळली गेली आहे. स्थानिक कारागिराने कापलेल्या काचेत एखाद्या मिलिमीटरचा फरक मुळातच असू शकतो. परंतु बसवताना चारही मापे ४० होती असे तुम्ही लिहिता, तेव्हा हा दोष काचेच्या कापणीवर ढकलता येत नाही.

तुमच्या पत्रात सारी काळजी कलाची आहे आणि आम्हाला चिंता पिळाची वाटते. कलाचे गणित करून पाहा. पाण्याची उंची ५६० मिलिमीटर धरली, तर खाली गेलेल्या टोकाला ती सरासरीपेक्षा जेमतेम ७ मिलिमीटरने जास्त आहे, म्हणजे तळाचा दाब सव्वा टक्क्याने वाढला. १२ मिलिमीटरची काच आणि नीट भरलेले सिलिकॉन यांना तो जाणवणारही नाही. पाणी तिरपे दिसते हे डोळ्यांना खुपते, एवढेच. पिळाचे तसे नाही. लोखंडी स्टँड वाकतो, प्लाय दबतो, थर्माकोल चेपतो, पण काच यांपैकी काहीच करत नाही. तळाची काच एका कोपऱ्यात अधांतरी राहिली, की तिच्यावरचा भार उरलेल्या आधारांवर जातो आणि कोपऱ्यातील उभ्या सांध्याचे सिलिकॉन ओढले जाऊ लागते. अशी टाकी कित्येक महिने काही न होता उभी राहते आणि मग एखाद्या रात्री, कोणी हातही लावलेला नसताना, तडकते. लांबीच्या दिशेने तीन-चार मिलिमीटरचा कल असेल तर आम्ही त्याला हात लावायला सांगत नाही. पुढे-मागे कल असेल तर तेवढीही सवलत देत नाही, कारण त्या दिशेला टाकीची बैठक अरुंद असते. पिळाला मात्र सवलत नाहीच.

जॅकला आमचा विरोध याच कारणासाठी आहे. भरलेल्या टाकीचा एक कोपरा उचलला, की स्टँड दोन समोरासमोरच्या पायांवर झोके घेऊ लागतो आणि जो पीळ आज ३ मिलिमीटर आहे, तो जॅकच्या दांड्याच्या दोन हिसक्यांत ६ होतो. हे पुस्तकी ज्ञान नव्हे. ठाण्यात भाड्याच्या घरात असताना प्रस्तुत लेखकाने चार फुटी टाकीला गाडीचा जॅक लावला होता. नखाने काचेवर टिचकी मारावी तेवढाच आवाज झाला; तळाच्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे केसाएवढी रेघ धावत गेली आणि आम्ही बादल्या शोधेपर्यंत खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड जिन्यात येऊन उभे राहिले होते.

यानंतर येतो कारणाचा शोध, आणि तो लागण्यापूर्वी दुरुस्तीला हात घालू नये. अशा टाकीचे एकूण वजन किती, हे आधी ध्यानात घ्यावे. पाणी सुमारे ५९० किलो, काच १२५, वाळू आणि दगड ८०, स्टँड ७० असे धरले, तर बेरीज साडेआठशेच्या पुढे जाते. सहा पायांत वाटले, तर प्रत्येकी १४० किलोंहून अधिक भार येतो. मधल्या दोन पायांवर त्याहूनही जास्त. दीड इंची पाइपच्या तोंडाला पत्रा लावलेला नसेल, तर हा सगळा भार पाइपच्या दोन मिलिमीटर जाडीच्या कडेवर उभा असतो. प्रथम टॉर्च घेऊन पायांचे तळ पाहावेत. गंजून पापुद्रे निघालेला पाय, फुगलेला प्लाय किंवा पायाखाली तडकलेली लादी आढळली, तर कारण तिथेच संपते आणि काम सोपे होते.

तुमच्या बाबतीत मात्र ते तिथे संपत नसावे, कारण स्कर्टिंगखालची फट वेगळेच सांगते. स्कर्टिंग भिंतीला चिकटलेली असते आणि भिंत प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या पातळीवरील काँक्रीटच्या तुळईवर, उभी असते. ती खाली गेलेली नाही. खाली गेली आहे ती जमीन. तळमजल्याची जमीन बीमवर नसून जोत्यात भरलेल्या भरावावर टाकलेली असते, आणि त्या भरावाखाली आपल्याकडे काय आहे हे सर्वश्रुत आहे. ठाणे खाडीच्या काठचा नवी मुंबईचा बराच भाग पूर्वीची सखल शेते, खाजणे आणि मिठागरे भरून उभा राहिला. खाडीकाठची चिकणमाती अंगावर ओझे आले की आतले पाणी हळूहळू सोडते आणि वर्षानुवर्षे बसत राहते. इमारतीचा सांगाडा खोल पायावर असल्याने जागचा हलत नाही, पण त्याच घरातील लादी मात्र हलते. भिंतीजवळ पेन्सिलीएवढी फट आणि टाकीखाली त्याहून जास्त उतार, याचा अर्थ ओझ्याखालचा भराव सर्वांत जास्त दबला आहे.

पण चार वर्षे गप्प बसलेली जमीन नेमकी एकाच पावसाळ्यात आणि तीही एकाच कोपऱ्यात का खचावी? हा प्रश्न आम्ही सोडून दिला नसता. डाव्या भिंतीपलीकडे न्हाणीघर, गटाराचे चेंबर किंवा पागोळ्यांचे पाणी जिरणारी जागा आहे का, ते पाहावे. फुटक्या चेंबरमधून झिरपणारे पाणी भरावातील बारीक माती वाहून नेते आणि लादीखाली पोकळी राहते. दुसरा संशयित म्हणजे घूस. रो-हाऊसच्या मागच्या अंगणात मूठभर ताजी उकरलेली माती आणि भिंतीलगत तिरपे शिरणारे बीळ दिसले, तर शोध पूर्ण झाला असे समजावे; घुशींनी पोखरलेल्या जोत्यावर साडेआठशे किलोंची टाकी ठेवण्यात अर्थ नाही. लादीवर रुपयाचे नाणे वाजवत डावीकडून उजवीकडे जावे. भरीव लादी टणक वाजते, पोकळ लादी मडक्यासारखी बोलते. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारावी, म्हणजे मिस्त्रीला कुठवर खोदायचे ते दिसेल.

जमीन अजून खचते आहे की थांबली आहे, हे ठरवण्यासाठी दर आठ दिवसांनी चारही कोपरे मोजून तारखेसह वहीत लिहावेत आणि स्कर्टिंगखालच्या फटीवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक लहानसा टिकला लावावा. टिकल्याला चीर गेली, तर जमिनीची हालचाल चालू आहे. कारण दूर केल्यावर चार आठवडे माप जागचे हलले नाही, तर काम काढावे. हालचाल चालू असेल, तर बांधकाम अभियंत्याला घरी बोलवावे, कारण तो प्रश्न मग टाकीपुरता राहत नाही.

कामाची पद्धत सांगतो. टाकी पूर्ण रिकामी करायची आहे. वाळूसह उचलण्याचा मोह नको, कारण नुसत्या काचेचेच वजन सव्वाशे किलो आहे. आदल्या दिवशी माशांना खाणे देऊ नये. रसायन कधीही न भरलेली २०० लिटरची दोन पिंपे आणून त्यांत टाकीतलेच पाणी भरावे आणि दोन्ही ऑस्कर वेगवेगळ्या पिंपांत ठेवून वर जाळी बांधावी, कारण ते उडी मारतात. फिल्टरचा स्पंज आणि दगड नळाखाली धुऊ नयेत. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यांवरच असतात, ते क्लोरीनने मरतात आणि पंप तासन् तास बंद राहिला तर प्राणवायूअभावीही मरतात. म्हणून फिल्टर लगेच पिंपावर चालू करावा. वाळू उपसताना कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर ती जुन्याच पाण्यात खळखळून धुवावी. रिकामी टाकी चार-पाच जणांनी तळाला हात देऊन उचलावी. वरच्या आडव्या काचपट्ट्यांना धरून कधीही उचलू नये.

पुढची युक्ती आम्हाला अनुभवाने सुचलेली आहे. काँक्रीट पिकेपर्यंत मासे महिनाभर पिंपात ठेवणे हालाचे असते. घरात जिथे लादी भरीव वाजते अशा दुसऱ्या खोलीत, स्टँडशिवाय, जमिनीवरच प्लाय आणि थर्माकोल अंथरून ही टाकी ठेवावी आणि निम्मे पाणी भरून मासे तिच्यातच सोडावेत. मुलांना ती उंची फार आवडते.

मूळ जागी सात फूट बाय तीन फुटांच्या लाद्या काढून सैल भराव उपसावा, दगडांचे सोलिंग (ठोकून बसवलेला दगडांचा थर) करून घ्यावे आणि त्यावर सळ्यांची जाळी घालून पाच इंच जाडीचा काँक्रीटचा पाट टाकावा. सळ्या ८ मिलिमीटरच्या, सहा इंचांवर, दोन्ही दिशांनी, हे साधारण प्रमाण आहे; पण जागा प्रत्यक्ष पाहणाऱ्या अभियंत्याने वेगळे सांगितले तर त्याचे ऐकावे. किमान सात दिवस पाणी मारावे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने धरतात, म्हणून तोवर पूर्ण भार नको. हा पाट जमिनीचे खचणे थांबवतोच असे नाही. पुढे जमीन बसलीच, तर तो सहाही पायांना एकत्र खाली नेतो. कल पुन्हा येऊ शकेल, पीळ मात्र येणार नाही.

स्टँडच्या प्रत्येक पायाखाली वेल्डरकडून १५० मिलिमीटर बाय १५० मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर जाड पत्रा लावून घ्यावा. असे केल्यावर १४० किलोंचा भार दर चौरस सेंटिमीटरला दोन-तृतीयांश किलोहूनही कमी होतो. समतल करण्यासाठी मिस्त्री ज्याला पॅकिंग म्हणतात, ते लोखंडी पत्र्याच्या चकत्यांचे असावे; लाकडी पाचर दमटपणात फुगते आणि ओझ्याखाली दबते, म्हणून ती चार महिन्यांत खोटी ठरते. पॅकिंग नेहमी पायाखाली द्यावे, काच आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही नाही. आधी चार कोपऱ्यांचे पाय पाणसळीने आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एका पातळीत आणावेत, मग मधल्या दोन पायांखाली चकत्या सरकवाव्यात आणि वर्तमानपत्राचा कपटा ओढून निघेनासा झाला की थांबावे. मधले पाय जास्त वर घेतले तर टाकी सी-सॉ होते, हे पुष्कळ वेल्डर विसरतात. प्लाय बदलणार असाल तर भारतीय मानक आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय घ्यावा. थर्माकोलचे काम वाळूच्या कणाएवढा उंचवटा गिळण्याचे आहे. तो पातळीतील फरक भरून काढत नाही.

पाणी एकदम भरू नये. एक चतुर्थांश भरून दोन तास थांबावे आणि चारही मापे घेऊन बेरजा पाहाव्यात. निम्मे भरून रात्रभर थांबावे. तिसऱ्या दिवशी पूर्ण भरावे आणि कोपऱ्यातील उभ्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवून ओल येते का ते पाहावे. चार महिने पीळ सोसलेल्या सांध्याची दुधाळ झालेली किंवा काचेपासून सुटलेली जागा दिसली, तर वरून सिलिकॉनचा थर फासू नये. नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही. ते पूर्ण खरवडून नव्याने भरावे आणि किमान आठवडाभर सुकू द्यावे.

प्रश्न : ठाण्याला घोडबंदर रोडवरील इमारतीत आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. मागच्या मालकांनी बाल्कनी दिवाणखान्यात घेतलेली आहे आणि आमची चार फुटी टाकी भिंतीला काटकोनात, निम्मी जुन्या हॉलवर आणि निम्मी बाल्कनीवर येते. तिचे बाहेरचे टोक ६ मिलिमीटर खाली आहे. इमारत खचते आहे का?
— एक वाचिका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : इमारत खचत असती तर ते टाकीने आधी सांगितले नसते. बाल्कनीला पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून मुळातच ढाळ दिलेला असतो आणि आत घेताना पुष्कळ जण त्याच ढाळावर नव्या लाद्या चिकटवतात. तुमचे ६ मिलिमीटर बहुधा तिथले आहेत. टाकी काढून तिथेच नळीने पातळी पाहावी, म्हणजे खात्री होईल.

पण ढाळ भरून काढून टाकी तिथेच ठेवावी, असे आम्ही सांगणार नाही. बाल्कनीचा स्लॅब बहुधा भिंतीतून बाहेर झुकलेला, एकाच बाजूने धरलेला असतो, तर हॉलचा स्लॅब चारही बाजूंनी बीमवर असतो. ओझ्याखाली दोघांचे वाकणे वेगळे, म्हणून त्यांच्या सांध्यावर आडवी ठेवलेली टाकी कधी ना कधी ताण सोसणारच. शिवाय भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो जिवंत भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, धरतात. तुमची टाकी स्टँडसह साडेचारशे किलोंच्या आसपास असेल आणि ती जेमतेम अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर उभी आहे. हॉलमधील बीमवरच्या भिंतीला लांबीने टेकवून ठेवली, तर हा भार सोसायला बीम जवळ असतो. बाल्कनीत तसा आधार नाही. टाकी आत घ्यावी आणि बाल्कनीत कुंड्या ठेवाव्यात, त्याही मोजक्याच.

प्रश्न : आमची टाकी समतल आहे, पण पुढच्या बाजूला टाकीचा तळ आणि प्लाय यांत मध्यभागी दोन मिलिमीटरची फट दिसते. तिथे सिलिकॉन भरले तर चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालणार नाही. सिलिकॉन त्या जागी भार घेत नाही, उलट फट डोळ्यांआड करते. मध्यभागी फट आणि कडांना टेकलेली टाकी, याचा अर्थ बहुधा प्लायची टोके पाणी पिऊन फुगली आहेत. फिल्टरची नळी बदलताना पाणी नेहमी टोकांनाच सांडते. प्लायच्या कडेवर नख दाबून पाहावे. नख रुतले, तर टाकी रिकामी करून प्लाय बदलावा आणि नव्या प्लायच्या चारही कडा आधी ऑइल पेंटच्या दोन हातांनी बंद कराव्यात.